तिंबू नाखुदा ठाण्यात राहत होता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती, असे गेल्या अंकातील टिपणात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची आहेत, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न राजवंशाविषयी नसून मध्ययुगातील दूरदेशींच्या व्यापाराविषयी आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची किल्लीही त्यातच आहे असे मला वाटते.

प्रश्न : वाशीच्या मसाला बाजारात आमची पेढी आहे. आज परदेशी माल पाठवायचा तर बँकेची हमी, विमा आणि करारपत्र असल्याशिवाय पान हलत नाही. आठ-नऊशे वर्षांपूर्वी यांतले काहीच नसताना अरबस्तानातला व्यापारी कोकणातल्या अनोळखी माणसाच्या हाती माल आणि पैसा कसा सोपवत असे? (वाशी येथील एक वाचक)

उत्तर : अनोळखी माणसाच्या हाती तो सहसा सोपवतच नसे. ओळखीच्या माणसाची ओळख, त्या माणसाचा मेहुणा, मेहुण्याचा भागीदार अशी साखळी जिथवर पोहोचे, तिथवर त्याचा व्यापार पोहोचे. हे मी अंदाजाने लिहीत नाही. त्या काळच्या व्यापाऱ्यांची खरीखुरी पत्रे आज उपलब्ध आहेत. कैरोच्या जुन्या भागातील बेन एझरा या यहुदी प्रार्थनास्थळात, देवाचे नाव लिहिलेला कागद फेकू नये या श्रद्धेने, शतकानुशतके जुने कागद एका बंद खोलीत टाकले जात असत. १८९६-९७ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर केंब्रिजला नेण्यात आले आणि अभ्यासकांनी ते वाचायला घेतले, तेव्हा धार्मिक लिखाणाबरोबरच हिशेब, पावत्या, करार आणि भारताशी व्यापार करणाऱ्यांचा पत्रव्यवहार हाती लागला. ही पत्रे भाषेने अरबी असली तरी लिपीने हिब्रू आहेत. आपल्याकडचे व्यापारी आणि कारकून मराठी हिशेब मोडीत लिहीत असत, त्याची येथे आठवण होते.

यांतील एक पत्र ठाणेकराने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. ते ११४५ च्या सुमाराचे आहे. महरूझ नावाचा एडनचा जहाजमालक मंगळूरहून आपल्या मेहुण्याला लिहीत आहे. मेहुणा कैरोतील व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी असून त्याच्या घराण्याचे मूळ गाव सिजिल्मासा, म्हणजे मोरोक्कोत सहारा वाळवंटाच्या काठावर वसलेले व्यापारी ठाणे. हा मेहुणा भारताच्या किनाऱ्यावर समुद्रचाच्यांच्या तडाख्यात सापडला होता आणि जीव वाचवून भडोचला अडकून पडला होता. ठाण्याहून मंगळूरला आलेल्या जहाजांत तो दिसला नाही म्हणून महरूझने चौकशी केली, तेव्हा त्याला ही हकिकत कळली. तो मेहुण्याला धीर देतो, खंबायतमार्गे मंगळूरला येण्याची वाट सुचवतो आणि पुढे कळवतो की सोन्याची गरज असेल तर माझ्या खात्यावर तिंबू नाखुद्याकडून घ्यावे, तो ठाण्यात मुक्कामाला आहे आणि त्याचे माझे नाते सख्ख्या भावासारखे आहे.

या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर सामावले आहे. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान. ‘तिंबू’ हे नाव मला यहुदी वाटत नाही आणि अरबीही वाटत नाही. तो या किनाऱ्यावरचाच कोणीतरी दर्यावर्दी असावा. मोरोक्कोच्या घराण्यातला, कैरोत राहणारा, चाच्यांच्या तडाख्यातून वाचून भडोचला अडकलेला माणूस ठाण्यातल्या अशा परधर्मीय जहाजमालकाकडे जाऊन, एडनच्या मेहुण्याचे नाव सांगून सोने मागू शकत होता आणि ते मिळेल अशी महरूझला खात्री होती. तुम्ही पेढीवर ज्याला ‘पत’ म्हणता, ती पत सहाराच्या काठापासून ठाण्याच्या खाडीपर्यंत चालत होती.

आता पत बुडवणाऱ्याचे काय होत असे, तेही पाहू. ट्युनिशियातील महदिया गावचा अब्राहम बेन यिजू हा व्यापारी ११३२ मध्ये मंगळूरला होता आणि पुढे ११४९ मध्ये परत गेला. मंगळूरला त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनचे व्यापारी त्याच्याकडे मोडीत निघालेली भांडी पाठवून त्यांची नवी घडवून घेत. बेन यिजू त्यांना मिरी, वेलदोडा, सुपारी आणि लोखंड पाठवी. उलट दिशेने त्याला साखर, मनुका, काचेच्या वस्तू आणि लिहिण्यासाठी कागद येत असे. एकदा वेलदोड्यासाठी आगाऊ पैसे घेतलेल्या एका स्थानिक पुरवठादाराने माल दिलाच नाही. तेव्हा एडनच्या भागीदाराने बेन यिजूला लिहिले, की त्याला सांगा, जो आमचे देणे थकवतो त्याच्या नावाने आम्ही येथे एडनमध्ये निषेधाचे पत्र काढतो आणि ते तिकडे पाठवतो, म्हणजे तो घाबरेल. मलबारातील त्या माणसाला एडनचे न्यायालय पकडू शकत नव्हते. तरीही धमकीत जोर होता, कारण नाव एकदा खराब झाले की पुढच्या मोसमात येणाऱ्या प्रत्येक जहाजाबरोबर ती बातमी येणार होती. तुमच्या बाजारात एखाद्या अडत्याने वायदा मोडला की दुपारपर्यंत साऱ्या गाळ्यांना त्याची खबर होते, तसाच हा प्रकार होता, फक्त गाळे समुद्राच्या दोन्ही काठांवर पसरलेले होते.

विमा मात्र नव्हता. मालाचे नुकसान भागीदार सोसत आणि त्याचा हिशेब अगदी चोख लिहून ठेवत. बेन यिजूचा माल घेऊन निघालेले एक जहाज बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीजवळ बुडाले. एडनहून पाणबुडे पाठवण्यात आले. त्यांनी लोखंडाचा सुमारे अर्धा भाग वर काढला, पण मिरी सारी वाया गेली. हे सगळे एडनकर त्याला सविस्तर कळवतो. हे वाचताना मला नेहमी त्या लिहिणाऱ्याचे कौतुक वाटते. ‘जहाज बुडाले, सर्व गेले’ एवढेच लिहून अर्धे लोखंड घशात घालणे त्याला सहज शक्य होते, आणि मंगळूरला बसलेल्या माणसाला ते कधी कळलेही नसते.

भांडवलाची सोयही याच विश्वासावर उभी होती. अरब जगात ‘मुदारबा’ नावाची पद्धत होती. तीत एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने प्रवास आणि विक्री करायची, नफा ठरल्या प्रमाणात वाटून घ्यायचा आणि माल बुडाला तर भांडवलाचा तोटा पैसेवाल्याने सोसायचा, प्रवास करणाऱ्याचे फक्त श्रम वाया जायचे. व्हेनिसमधील याच धाटणीच्या करारात भांडवल देणाऱ्याला नफ्याचा तीन चतुर्थांश भाग आणि प्रवाशाला एक चतुर्थांश भाग मिळे. आपल्याकडे हुंडी होती आणि अरबांकडे तिच्यासारखीच ‘सुफ्तजा’. एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी ते उचलण्याची ही सोय असल्यामुळे सोन्याच्या थैल्या चाच्यांच्या तोंडी देण्याची वेळ कमी येई.

प्रश्न : शाळेच्या नकाशात रेशीम मार्ग म्हणजे चीनपासून युरोपपर्यंत काढलेली एक जाड रेघ दिसते. व्यापारी खरोखरच या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते का? (ऐरोली येथील एक विद्यार्थिनी)

उत्तर : त्या रेघेने आपली बरीच दिशाभूल केली आहे. मुळात ‘रेशीम मार्ग’ हे नाव मध्ययुगातील नाही. रिख्तहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८७७ मध्ये ते रूढ केले. माल टोकापासून टोकापर्यंत जात होता, माणसे मात्र बहुधा आपापल्या टप्प्यापुरतीच जात. समरकंदचा व्यापारी पुढच्या बाजारापर्यंत माल नेई, तिथून दुसरा तो उचली आणि प्रत्येक टप्प्यावर किंमत चढत जाई.

समुद्रावर आधी लांब पल्ल्याच्या सफरी होत्या. बगदादची स्थापना ७६२ मध्ये झाली आणि अब्बासी खलिफांच्या त्या राजधानीला लागणारा ऐषआरामाचा माल बसरा आणि इराणी किनाऱ्यावरील सिराफ या बंदरांतून येऊ लागला. सिराफची जहाजे थेट चीनच्या ग्वांगझू बंदरापर्यंत जात. अशा सफरीचा साक्षात पुरावा १९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ समुद्रतळाशी सापडला. नवव्या शतकातील त्या जहाजात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. बहुतेक हुनान प्रांतातील चांगशा येथील भट्ट्यांतले वाडगे होते आणि ते मोठ्या रांजणांत एकात एक, गोल फिरवत, दाटीवाटीने रचलेले होते. त्यांतील एका वाडग्यावर ८२६ या वर्षाशी जुळणारी चिनी तारीख कोरलेली आहे. जहाज मात्र चिनी बांधणीचे नव्हते. त्याच्या फळ्या अरबी समुद्रातील रिवाजाप्रमाणे दोरीने शिवलेल्या होत्या.

पुढे ८७८-७९ मध्ये हुआंग चाओच्या बंडात ग्वांगझूमधील परदेशी व्यापाऱ्यांची मोठी कत्तल झाली. त्यानंतर दोन्हीकडची जहाजे मलाया द्वीपकल्पावरील कलाह या बंदराशी मधल्यामध्ये भेटू लागली, असे दहाव्या शतकातील अरब प्रवासी अल-मसूदी सांगतो. हे नुकसानीतून सुचलेले शहाणपण होते. टप्पे लहान झाले आणि एका टप्प्यावर संकट आले तरी बाकीचे चालू राहू लागले. सिराफला ९७७ मध्ये भूकंपाचा तडाखा बसला आणि फातिमी राजवटीने ९६९ पासून इजिप्तमध्ये पाय रोवले होते, त्यामुळे व्यापाराचा ओघ इराणच्या आखातातून हळूहळू तांबड्या समुद्राकडे आणि एडनकडे वळला. पूर्वेकडे सुंग राजांनी जकातीच्या उत्पन्नासाठी बंदरांना उत्तेजन दिले आणि १०८७ मध्ये छ्वानझू येथे सागरी व्यापाराची कचेरी उघडली. दक्षिण भारतातील व्यापारी संघही त्याच सुमारास फार दूर पोहोचले. ऐहोळेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘पाचशे स्वामीं’च्या संघाचा १०८८ मधील तमिळ शिलालेख सुमात्रातील बारूस येथे सापडला आहे. याच संघाशी नाते सांगणाऱ्या वीरबणंज व्यापाऱ्यांचे उल्लेख आपल्या कोल्हापूरकर शिलाहारांच्या लेखांतही येतात.

प्रश्न : आम्ही पिढ्यानपिढ्या समुद्रावर जाणारे. त्या काळी वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांना अरबस्तानातून ठाण्याला यायला किती दिवस लागत? (चेंदणी कोळीवाडा येथील एक वाचक)

उत्तर : ओदोरिक या इटालियन धर्मोपदेशकाने स्वतःचा आकडा लिहून ठेवला आहे. तो १३२१-२२ च्या सुमारास होर्मुझहून जहाजात बसला आणि २८ दिवसांनी ठाण्याला उतरला. त्या जहाजाचे त्याला फार नवल वाटले, कारण ते केवळ दोरीने शिवलेले होते आणि शोधूनही त्याला त्यात कुठे लोखंड सापडले नाही. ही दोरी म्हणजे काथ्या. या कामासाठी मालदीवचा आणि मलबारचा काथ्या नावाजलेला होता.

पण दिवसांच्या आकड्यापेक्षा मोसमाचा हिशेब महत्त्वाचा, हे मी तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात समुद्र बंद आणि नारळी पौर्णिमेनंतर तो उघडायचा, ही तुमच्या घरातली शिस्त साऱ्या हिंदी महासागराची शिस्त होती. एडनची जहाजे भारताकडे ऑगस्टच्या अखेरीस निघत, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा ओसरता ओसरता ती आपल्या किनाऱ्याला लागत. परतीसाठी ईशान्येचा वारा हवा आणि तो हिवाळ्यात मिळे. तो चुकला की पुढच्या वर्षापर्यंत मुक्काम. अरबीत मोसमाला ‘मौसिम’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडे त्याच वाऱ्याबरोबर रुळला. आपला ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’चा वंशज आहे, म्हणजे वरच्या पत्रातील ठाण्याचा तिंबू आणि तुमच्या होडीवरचा नाखवा यांची पदवी एकच.

व्यापाराच्या वाढीत या सक्तीच्या मुक्कामाला मी फार मोठे स्थान देतो. परदेशी माणूस चार-सहा महिने एका गावात राहिला की त्याला घर लागते, स्वयंपाकाची सोय लागते, प्रार्थनेची जागा लागते, भाषा शिकावी लागते. काही जण इथेच लग्ने करून स्थायिक होतात. अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या सुमारास चौलला आला तेव्हा शिलाहार झंझ राज्य करत होता. तिथे त्याला सुमारे १०,००० मुसलमान वस्तीला असलेले आढळले. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादचे लोक होते, आणि येथेच जन्मलेल्या त्यांच्या संततीला ‘बयासिरा’ असे वेगळे नाव पडले होते. त्यांच्यातील तंटे मिटवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाच्या संमतीने नेमलेला असे. दोन किनाऱ्यांना खऱ्या अर्थाने जोडले ते या घरांनी. ज्याची आई चौलची आणि वडील बसऱ्याचे, त्याला दोन्हीकडे मामा-काका होते.

प्रश्न : मार्को पोलोच्या वर्णनातील ‘ताना’ म्हणजे आपले ठाणेच का? काही ठिकाणी ‘ताना’ रशियात दाखवलेले पाहिले. (ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : दोन्ही खरे आहे, कारण ‘ताना’ दोन होती. डॉन नदीच्या मुखाशी, अझोव समुद्राच्या काठी, इटालियन व्यापाऱ्यांची ‘ताना’ नावाची वसाहत होती. मंगोल सत्तेखाली मध्य आशियातून चीनकडे जाणाऱ्या वाटेचे ते एक सुरुवातीचे ठिकाण होते. फ्लोरेन्सच्या पेगोलोत्ती याने १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शिकेत येथूनच वाट सुरू होते आणि ती दिवसा-रात्री सुरक्षित असल्याचे त्याने ऐकले होते.

पोलोचे पश्चिम भारतातील ‘ताना’ मात्र ठाणेच. येथे मिरी किंवा मसाले होत नाहीत, पण तपकिरी रंगाचा धूप पुष्कळ मिळतो, कमावलेले कातडे आणि सुती कापड बाहेर जाते आणि व्यापारी सोने, चांदी आणि तांबे घेऊन येतात, असे तो सांगतो. येथला राजा चाच्यांशी संगनमत करून असे आणि लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा, असा त्यांचा करार होता, हेही तो नोंदवतो. त्या काळी अरबी घोड्यांना दख्खनेत किती मागणी होती, हे यावरून दिसते. सिसिलीच्या राजाच्या आश्रयाने ११५४ मध्ये भूगोलग्रंथ पुरा करणाऱ्या अल-इद्रिसीने ठाण्याजवळच्या डोंगरांतील बांबूचा आणि तिथून पूर्व-पश्चिमेला जाणाऱ्या वंशलोचनाचा, म्हणजे बांबूच्या पेरांत मिळणाऱ्या औषधी द्रव्याचा, उल्लेख केला आहे. वंशलोचन घातलेल्या सितोपलादी चूर्णाची बाटली हाती घेतली की मला ठाण्याजवळचा येऊरचा डोंगर आठवतो, तो यामुळे.

ओदोरिकची गोष्ट येथे पुरी करतो. १३२१ मध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले होते. त्यांत तीन इटलीचे होते आणि एक जॉर्जियातील तिफ्लिसचा. ते नेस्टोरियन या पूर्वेकडील पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते आणि अशी पंधरा घरे ठाण्यात असल्याचे ओदोरिक लिहितो. त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि समुद्रमार्गे चीनमधील छ्वानझू बंदरात नेऊन तिथल्या आपल्या बांधवांच्या स्वाधीन केल्या. ठाण्याहून चीनला जाण्याची वाट चौदाव्या शतकातील एका फकिराला ठाऊक होती आणि परवडतही होती.

प्रश्न : या सर्वांत राज्यकर्त्यांचा वाटा काय? ते केवळ जकात घेत का? (कळवा येथील एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : जकात तर घेतच, आणि ती विचारपूर्वक ठरवत. सिंधुदुर्गातील खारेपाटण येथे सापडलेल्या रट्टराज शिलाहाराच्या शके ९३० म्हणजे १००८ च्या ताम्रपटात परद्वीपांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, तर कंदलमूलीय या प्रदेशातून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचे एक धरण अशी आकारणी आहे (गद्याण आणि धरण ही त्या काळची सोन्याची मापे). हे उत्पन्न शैव मठाला लावून दिले होते, म्हणजे अरबी समुद्र ओलांडून आलेल्या जहाजांच्या पैशावर देवळात नैवेद्य होत होता.

कधी ते सूटही देत. त्याच खारेपाटणला मिळालेल्या अनंतदेव शिलाहाराच्या शके १०१६ म्हणजे १०९४ च्या ताम्रपटात बलिपत्तनच्या भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम यांच्या जहाजांना स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुल्य इत्यादी बंदरांत जकात माफ केली आहे. स्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे नालासोपारा, चेमुल्य म्हणजे चौल, आणि येथील नागपूर म्हणजे नागोठणे असावे. हे दोघे भाऊ व्यापारी होते तसेच राजाचे अधिकारीही होते. त्यामुळे ही माफी सर्व व्यापाऱ्यांसाठी होती असे समजू नये.

माझ्या मते मात्र सर्वांत मोलाचा लेख वेगळाच आहे. पूर्वीच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला राष्ट्रकूट तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे ९२६ चा हा ताम्रपट आहे. त्यावरून दिसते की संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूट राजाने मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपवला होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. त्याच्या कारकिर्दीत तेथील एका मठाला जमीन मिळाली. त्याने काय काय केले हे सांगताना लेखकाने दोन गोष्टी आवर्जून कोरल्या आहेत. दोन प्रवाहांवर त्याने पार उतरण्यासाठी विनामूल्य नाव सुरू केली, आणि संजाणला एक अन्नसत्र उघडले, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट वाढले जात असे.